तळ दिसेपर्यंत

ईरप्पा मामा आमच्याकडे आले तेव्हा तलावात अजून पाण्याचा थेंब नव्हता. निळ्या फरशा नुकत्याच बसवून झाल्या होत्या, सांध्यांतलं सिमेंट ओलसर होतं. मी खिडकीतल्या टेबलापाशी सभासदांचे अर्ज लावत बसले होते. एक उंच, सडपातळ, पंचावन्नच्या पुढचा माणूस खांद्याला पिशवी लावून फाटकातून आत आला. मला काही विचारलं नाही. चपला काठावर काढल्या, शिडीवरून रिकाम्या तलावात उतरला आणि खोल बाजूला जाऊन उकिडवा बसला. तळाला पाणी ओढून घेणारी एक जाळी असते. तिचे स्क्रू त्याने बोटाने एकेक करून चाचपले. मग वर येऊन म्हणाला, "ताई, मी ईरप्पा. पाण्याच्या कामाला ठेवलंय मला. पाणी कुठलं भरणार हाय?"

"बोअरचं," मी म्हणाले. "कमी पडलं तर टँकर."

"बोअरचं पाणी बादलीत रातभर ठेवून बघितलंय कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी एक पांढरी बादली भरून खिडकीखाली ठेवली. सकाळी तिच्या बुडाला तांबूस साका बसला होता. मामांनी तो दोन बोटांवर घेऊन मला दाखवला. "लोखंड हाय पाण्यात. आत्ता दिसत न्हाय. औषध पडलं की दिसंल."

मी अनुजा. जन्म कोल्हापुरातला, पण मला पोहता येत नव्हतं. आमच्या आळीतल्या पोरांना काकांनी कमरेला दोर बांधून विहिरीत ढकललं आणि ती शिकली. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. विजयसिंह आबांनी हा तलाव बांधायला घेतला तो त्यासाठीच. आबा आमच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. मुलींना हक्कानं पोहता यावं अशी जागा असावी म्हणून चार वर्षं खपत होते. मला नोकरी दिली तेव्हा म्हणाले होते, "पहिल्या बॅचला तू स्वतः उतरायचंस. तुझं बघून बाकीच्या येतील."

उद्घाटन फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठरलं. पत्रिका वाटून झाल्या. पाहुणे ठरले. एका शाळेच्या वीस मुली पोहून दाखवणार होत्या, त्या महिनाभर दुसरीकडे सराव करत होत्या. तलाव भरला मात्र त्याच्या सहाच दिवस आधी, सोमवारी दुपारी. पावणेपाच लाख लिटर पाणी. पहिल्या दिवशी ते इतकं सुंदर दिसत होतं की आबा काठावर उभे राहून नुसते बघत राहिले.

"झालं की, ईरप्पा!" ते म्हणाले.

"न्हाय आबा. आत्ता भरलंय नुसतं. पाणी व्हायचंय अजून."

मामांच्या पिशवीत एक प्लॅस्टिकची डबी होती. तिच्यात दोन छोट्या काचेच्या नळ्या आणि औषधांच्या चार-पाच बाटल्या. कोपरापर्यंत हात बुडवून ते खालचं पाणी नळीत घ्यायचे. वरवरचं घेत नसत. एका बाटलीतले थेंब टाकले की पाणी गुलाबी व्हायचं. फिकट गुलाबी म्हणजे ठीक, गडद राणी रंग म्हणजे पाण्यात क्षार फार वाढलेत. आमचं पाणी जांभळ्याच्या जवळ गेलं.

"नव्या सिमेंटाचा चुना उतरतोय," त्यांनी मला समजावलं. "त्यात बोअरचं पाणी आधीच जड. ह्या पाण्यात क्लोरीन टाकलं तर त्याचा जोर चालत न्हाय. जंतू मरत न्हाईत, आन् लोकांचे डोळे तेवढे जळत्यात. आधी पाण्याचा सोभाव खाली आणायचा. मग औषध. उलटं केलं की सगळं बिघडतंय."

स्वभाव खाली आणायला अॅसिड लागायचं. ते काम बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. मोठ्या बादलीत आधी पाणी घ्यायचे, मग त्यात अॅसिडची बारीक धार. कधीही उलटं नाही. वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला ओला पंचा बांधून, काठाकाठाने चालत बादली सावकाश रिती करायची. मग पंप चालू ठेवून सहा तास थांबायचं. पुन्हा नळी, पुन्हा थेंब. मंगळवारी दोनदा, बुधवारी दोनदा. ते घाई करत नसत आणि कुणाला करू देत नसत. बुधवारी संध्याकाळी त्यांनी आबांना सरळ सांगितलं, "रविवारी पाहिजे तर पाहुण्यांनी काठावरनं बघावं. पोहायला अजून सात-आठ दिवस लागतील."

आबांचा चेहरा पडला. "पत्रिकेत छापलंय, ईरप्पा. पोरी पोहणार म्हणून छापलंय."

"पाण्यानं पत्रिका वाचल्याली न्हाय, आबा."

मला हसू आलं, पण मामा हसत नव्हते.

गुरुवारी त्यांना घरी जावं लागलं. त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. थोरली बहीण, त्यांची अक्का, आजारी होती. जाताना मला बजावून गेले, "पंप चालू ठेवा. पाण्यात काय टाकू नका. शुक्रवारी सांजंला येतो."

त्या दिवशी दुपारी आबा आले. दोन दिवसांत पाण्याला किंचित हिरवट झाक आली होती, ती त्यांना बघवेना. शाहूपुरीतल्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, ब्लीचिंग पावडर टाका, रात्रीत पाणी निळं होतंय. त्यांनी दोन पोती बरोबरच आणली होती. मी म्हणाले, "आबा, मामा काय टाकू नका म्हणालेत." ते म्हणाले, "अगं, औषधच आहे ते. शेवटी तेच टाकायचंय ना?" माळ्याकडून त्यांनी दोन्ही पोती पाण्यात सोडवली. मी आणखी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

तासाभरात पाणी चहासारखं तांबडं झालं. मामा म्हणाले होते ते लोखंड वर आलं होतं. आबा घाबरले, पण त्यांना वाटलं रात्रीत बसेल. सकाळी तांबडा रंग खरंच बराच कमी झाला होता, पण त्या जागी पांढुरका धूर आला होता. जड पाणी, त्यात पावडरीतला चुना. सगळा तलाव ताकासारखा झाला. उथळ बाजूला सुद्धा तिसऱ्या पायरीच्या खाली काही दिसेना.

शुक्रवारी संध्याकाळी मामा आले. काठावर उभे राहून त्यांनी पाण्याकडे बघितलं. चिडतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कुणी उतरलं न्हाय ना ह्यात?"

"नाही."

"मग हुईल नीट," म्हणाले आणि पंपाच्या खोलीत गेले.

शनिवारी सकाळी आबा परत आले. रात्रभर झोपले नसावेत. मामा काठावर नळी धरून बसले होते, मी शेजारी आकडे लिहून घेत होते.

आबा म्हणाले, "ईरप्पा, चूक माझी झाली. कबूल. पण औषध तर पडलंय पाण्यात? जंतू मेले असतील?"

"मेले आसतील."

"मग दहा मिनिटं पोहू देत पोरींना. उद्याच्या दिवस. मग तू महिनाभर बंद ठेव, मी विचारणार नाही. पोरी चांगल्या पोहतात, मास्तर आहेत बरोबर. दहा मिनिटांनी काय होतंय?"

मामांनी नळी धुऊन डबीत ठेवली. मग पिशवीतून एक पत्र्याचं झाकण काढलं, तेलाच्या डब्याचं असावं, काळा रंग दिलेलं. खोल बाजूला गेले आणि ते पाण्यात सोडलं. डुलत डुलत ते खाली गेलं. हातभर खोलीवरच दिसेनासं झालं.

"कुठं हाय झाकण, आबा?"

आबा वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. "दिसत नाही."

"तुमच्यासमोर टाकलं. कुठं टाकलं ते तुमाला म्हाईत हाय. तरी दिसत न्हाय. मग न सांगता कोण खाली गेलं तर?"

मामा काठावर बसले आणि आमच्याकडे न बघता, पाण्याकडे बघत बोलू लागले. त्यांनी ते त्याआधी इथं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"बारा वर्सं झाली. तिकडं कर्नाटकात एका क्लबाच्या तलावावर होतो मी. उन्हाळ्याचा दिस, गर्दी म्हणजे जत्रा. फिल्टर नीट चालत नव्हता, पाणी गढूळ झालतं. ह्याच्याएवढं न्हाय, पण तळ दिसत नव्हता. मी मॅनेजरला म्हटलं, आज बंद ठेवू. तो म्हणाला, लोकं पोहायला येत्यात, तळ बघाय न्हाय. चावी माझ्या खिशात होती. मी गेट उघडलं."

आबा खाली त्यांच्या शेजारी बसले.

"महांतेश म्हणून एक कॉलेजातले सर होते. रोज यायचे, बायकोबरोबर. ती पोहायची न्हाय, बाकावर पुस्तक वाचत बसायची. त्या दिवशी सर पाण्यात गेले आन् वर आलेच न्हाईत. कुणाला कळलंच न्हाय. ना वरडले, ना हात मारला. चाळीस मिन्टं लोकं त्यांच्या डोक्यावरनं पोहत होती, आबा. चाळीस मिन्टं. बाईंना वाटलं, कपडे बदलाय गेले आसतील. त्या टॉवेल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग एकाच्या पायाला काय तरी लागलं."

माळी झाडांना पाणी घालत होता, तोही नळी खाली टाकून उभा राहिला.

"डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली आसंल. पण लगीच काढलं आस्तं तर जगले आस्ते. तळ दिसला आस्ता तर पोरानं सुद्धा सांगितलं आस्तं, तिथं कोण तरी पडलंय म्हणून. पोलिसात मॅनेजरनं लिहून दिलं, पाणी स्वच्छ होतं. माझ्याकडनं सही मागितली. मी म्हटलं, पाणी गढूळ होतं, मला म्हाईत होतं आन् गेट मी उघडलं. नोकरी गेली. शिक्षा कुणालाच झाली न्हाय. मला पण न्हाय."

"मग?" आबांनी विचारलं.

"तेराव्याच्या नंतर त्यांच्या घरी गेलतो. बायको बरोबर आली, महादेवी. मी एकटा जाऊ शकत नव्हतो. सरांच्या बायको, सुष्मिताबाई, दारात आल्या. मी सांगितलं मी कोण ते. त्यांनी इचारलं, गेट उघडलंत तवा तळ दिसत होता? म्हटलं, न्हाय. तुमाला ठाऊक होतं? म्हटलं, व्हय. मग म्हणाल्या, आत या म्हणवत न्हाय मला. पण खरं बोलायला तुम्ही एकटेच आलात. आन् दार लावलं."

मामांनी पंचाने तोंड पुसलं. "दोन वर्सं शेतात काम केलं. परत पाण्याकडं जायचं न्हाय म्हणत होतो. महादेवीच म्हणाली, जो माणूस चुकलाय तोच नीट बघंल, दुसरा बघणार न्हाय. म्हणून परत ह्याच कामाला लागलो. आता तुमी मालक हाय. चावी तुमच्याकडं पण हाय. पण मी उघडणार न्हाय, आबा. दहा मिन्टं न्हाय आन् एक मिनिट पण न्हाय. माणूस जायला दोनच लागत्यात."

उठताना आबांनी मामांच्या खांद्याचा आधार घेतला. खिशातून आपल्याकडची चावी काढली आणि मामांच्या हातात ठेवली. मग माझ्या टेबलाशी बसून शाळेला फोन लावला.

रविवारी मांडव पडला, फीत कापली, भाषणं झाली. पाहुणे पांढऱ्या पाण्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होते. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आबा, दूधगंगा थेट हिकडंच वळवली काय?" हशा पिकला. शाळेला कळवलं होतं, तरी वीसही मुली आशेनं पोहण्याच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून रांगेत बसल्या होत्या. त्यातली एक रडत होती, तिची आजी आजऱ्याहून तिला बघायला आली होती. आबा माइकसमोर आले. लिहून आणलेलं भाषण त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "आज मुली पोहणार नाहीत. पाणी मी बिघडवलंय. ज्याला कळतं त्याला न विचारता मी त्यात पावडर टाकायला लावली. तलाव बांधायला चार वर्षं थांबलो आणि शेवटी चार दिवस थांबता आलं नाही मला. पोरींनो, मला माफ करा." नंतर कुणी हसलं नाही. मामा समारंभात नव्हते. ते पंपाच्या खोलीत उलट दिशेनं पाणी सोडून फिल्टर धूत होते.

पुढचे तीन दिवस मी त्यांच्या बरोबर राहिले. पुन्हा अॅसिड, थोडं थोडं. गुलाबी रंग फिका झाल्यावर त्यांनी तुरटी विरघळवून सगळ्या तलावावर शिंपडली आणि पंप बंद करायला लावला. "आता कुणी पाण्याला हात लावायचा न्हाय. गाळ आपसूक खाली बसू दे." वारा आला तरी ते अस्वस्थ व्हायचे. बुधवारी पहाटे पाणी वरून निवळ दिसू लागलं, तळाला साईसारखा पांढरा तांबूस थर होता. लांब दांड्याच्या नळीनं त्यांनी तो ओढून बाहेर सोडला. इतक्या हळू, की पंचवीस मीटरची एक पट्टी संपायला तासाच्या वर लागला. जोरात ओढलं असतं तर सगळं परत उठलं असतं. दुपारपर्यंत त्यांची पाठ वाकून गेली होती. मी म्हटलं, जरा बसा. ते बसले नाहीत.

गुरुवारी सकाळी मी फाटकातून आत येते तोच हाक आली, "ताई, या हिकडं."

खोल बाजूला सात फूट पाण्याखाली जाळी दिसत होती. तिचे सहाही स्क्रू दिसत होते. काळं झाकण तिच्या बाजूला पडलेलं होतं, त्याच्या काठावरचा गंज सुद्धा दिसत होता. मामा काठावर पाय खाली सोडून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्याच वीस मुली आल्या. आजऱ्याची आजी मुक्काम वाढवून थांबली होती. पुढच्या महिन्यात पहिल्या बॅचला मी उतरले, छत्तिसाव्या वर्षी. मला शिकायला बाकीच्यांच्या दुप्पट दिवस लागले.

पहिली सहा वर्षं मामांनी तलाव एकट्यानं सांभाळला. रोज सकाळी आधी तळ बघायचा, मग नळी, मग फाटक. वर्षातून पाच-सहा दिवस तरी फाटक बंद राहायचं, लोक शिव्या द्यायचे, आबा त्यांच्या मागे उभे राहायचे.

सहाव्या वर्षी उन्हाळ्यात सलग तीन दिवस त्यांनी तलाव बंद ठेवला. पाणी गढूळ आहे म्हणाले. मला तसं वाटत नव्हतं, पण त्यांच्यापुढे मी काय बोलणार? ते सारखे फिल्टर धूत होते, तुरटी घालत होते, आणि परत परत काठावर जाऊन वाकून बघत होते. तिसऱ्या दिवशी मी धीर केला.

"मामा, मला स्क्रू दिसतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किती?"

"सहा. डाव्या बाजूचा एक काळा पडलाय."

ते उठले, जाळीच्या बरोबर वर आले, गुडघ्यावर बसून नाक पाण्याला लागेपर्यंत वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग पाठीवर हात ठेवून सावकाश ताठ झाले.

"म्हंजे पाणी चांगलं हाय," ते म्हणाले. "माझ्याच डोळ्यात धूर हाय."

बाहेर तीस-चाळीस जण ताटकळत होते. मामांनी खिशातून चावी काढली. कुलपापाशी गेले आणि थांबले. "ताई, परत एकदा बघा."

मी परत बघितलं. प्रत्येक कोपरा बघितला. "स्वच्छ आहे, मामा."

"मला काय दिसत न्हाय. तुमच्या शब्दावर उघडतोय."

चावी कुलपात बसेना. मी हात पुढे केला नाही. त्यांनी स्वतःच उघडलं. तलाव दोन तास उघडा होता, तो सगळा वेळ ते काठावर उभे राहिले, मान तिरकी करून, आवाजावर कान ठेवून. मी दुसऱ्या काठावर उभी राहिले आणि क्षणभर नजर हलवली नाही. त्या दोन तासांत मला त्यांच्या सहा वर्षांचं ओझं कळलं.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं महिन्याच्या अंतरानं झाली आणि चांगली झाली. ते परत कामावर आले तेव्हा आबांनी चावी पुढे केली. मामांनी ती घेतली, पण म्हणाले, "एकाच्या डोळ्यावर आता उघडायचं न्हाय, आबा. मी बघीन आन् ताई बघतील. दोघांनी व्हय म्हटलं तरच."

तेव्हापासून आमच्याकडे तसाच रिवाज आहे. तीन वर्षांपूर्वी मामा काम सोडून गावी गेले. अक्का वारली होती आणि महादेवीमावशींचे गुडघे धरले होते. आता पाणी मी बघते, आणि माझ्याबरोबर तेजस्वी बघते. ती त्या पहिल्या वीस मुलींपैकी एक, आता मुलींना शिकवते. दर वर्षी तलाव रिकामा करून नव्यानं भरला की आठवडाभर मामांचा रोज फोन येतो. नळीत कोणता रंग आला ते विचारतात. मी सांगते. घाई करू नका म्हणतात. मग मावशींकडे फोन देतात आणि त्या मला कानडी-मराठीत विचारतात, जेवलीस का, कधी येणार गावाकडं.